कुलूप एकाचं, किल्ली सगळ्यांकडे

पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिशी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आरसीएस या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीचा नियम कडक होता: फाइल बदलायची, तर आधी तिला आपल्या नावाचं कुलूप लावा. युनिक्सवर दुसऱ्याचं कुलूप तोडलंत, तर त्याला कारणासकट मेल जाई.

मग ही शिस्त डॉसवर आली.

डॉसला 'वापरकर्ता' ही भानगडच ठाऊक नव्हती. म्हणून संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅटमध्ये लॉगनेमची, म्हणजे आपल्या नावाची, ओळ लिहायची. कुलूप उघडेना, तर आधी ती तपासायची. तिथं साहेबांचं नाव टाकलं, की साहेबांचं कुलूप आपलं! कुलूप न लावता घेतलेली फाइल फक्त वाचण्यापुरती. 'ॲट्रिब -आर' ही आज्ञा दिली, की तेही सोवळं सुटलं. राहता राहिला शेअर.ईएक्सई, दोन प्रोग्राम एकाच फाइलवर तुटून पडू नयेत म्हणून नेमलेला रखवालदार. त्याला मेमरी खातो म्हणून बऱ्याच जणांनी आधीच घरी बसवलेलं असे.