आधी चव घ्या, मग बोला

रत्नागिरीत घर असलेल्या माणसाला नातेवाईक फार. त्यातले निम्मे एप्रिलमध्ये उगवतात आणि उरलेले गणपतीच्या आधी. एरवी वर्षभर ज्यांना आपला नंबर सापडत नाही, त्यांना हापूसची पहिली पेटी बाजारात आली की तो तोंडपाठ होतो. "कसे आहात?" हा प्रश्न उत्तरासाठी थांबत नाही, लगेच यादी सुरू होते. आमसुलं अर्धा किलो, पण गेल्या वेळसारखी कोरडी नकोत. कुळथाचं पीठ, पण खरपूस भाजलेलं. आंबापोळी, पण बिनसाखरेची. फणसपोळी नको, ह्यांना बाधते. बरं, आणा थोडी, मी खाईन. "आणि ओले काजूगर मिळाले तर बघा. महाग असतील तर राहू द्या. पण मिळाले तर आणाच."

ही यादी घेऊन मी 'कोकण मेवा' अशी पाटी लावलेल्या दुकानात जातो. अशा पाट्या आता मारुती मंदिरापासून थेट गणपतीपुळ्यापर्यंत जागोजाग दिसतात. पाटीवर आंबा असतो आणि त्या आंब्याला डोळे, नाक आणि हसरे ओठ असतात. थोड्याच वेळात ज्याची साल काढून गर पिळायचा आहे, त्याला इतकं हसवण्यात काय मजा आहे, हे मला कळलेलं नाही. मी जातो त्या दुकानाच्या पाटीवर मात्र फक्त अक्षरं आहेत आणि तीही अर्धी उडालेली. गल्ल्यावर काकू बसतात. पंखा एकच आहे आणि तो गिऱ्हाइकाकडे फिरत नाही.

गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या मिलानहून आला. तिकडे तो नोकरी करतो. त्याच्या घराखाली एक दुकान आहे, त्याचं वर्णन तो येता-जाता करत होता. छताला डुकराच्या मुरवलेल्या तंगड्या टांगलेल्या, फळीवर चीजची चाकं, बरण्यांत ऑलिव्ह, तेलात बुडवलेल्या वांग्याच्या फोडी. गल्ल्यामागचा म्हातारा म्हणे गिऱ्हाइकाला आधी विचारतो, आज घरी काय शिजणार आहे, कितीजण जेवायला आहेत. मग चीजची एक चकती सुरीच्या टोकावर धरून पुढे करतो आणि ती खाऊन होईपर्यंत भाव सांगत नाही. तिकडे अशा दुकानाला सालुमेरिया म्हणतात. तीच मंडळी अमेरिकेत गेली तेव्हा तिथे त्याला इटालियन डेली म्हणू लागले. एवढं सगळं सांगून पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे असं काही नाही."

हे वाक्य रत्नागिरीत फक्त पर्यटकांना माफ आहे. मी त्याला उचलला आणि काकूंच्या दुकानात नेऊन उभा केला.

आत शिरल्यावर आधी वास येतात. आंब्याच्या साठाचा गोड, आमसुलांचा आंबट, मेतकुटाचा खमंग, आणि या सगळ्यांना बाजूला सारत येणारा तिरफळांचा, जो नाकाची परवानगी मागत नाही. पुतण्याने इकडेतिकडे बघत विचारलं,

"काकू, आमसुलं आहेत का?"

"कशाला हवीत?"

"म्हणजे... खायला."

"ते कळलं रे. सोलकढीला, आमटीला, का माशाला?"

"सोलकढीला."

"मग आमसुलं कशाला भिजवत बसतोस? आगळ ने. मीठ आधीच आहे त्यात, वर घालू नकोस. सरबत करायचं तर ती दुसरी बाटली, साखरेची. तिची सोलकढी करशील आणि माझ्या नावाने बोंब मारशील. जेवायला कितीजण असता?"

"एकटाच."

काकूंनी मोठी बाटली परत फळीवर ठेवली आणि छोटी काढली. पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, अगदी सेम!" काकूंना वाटलं, तो बाटल्यांबद्दल बोलतोय. त्या म्हणाल्या, "सेम नाहीत, नीट बघ."

कोकमाच्या बाबतीत काकू जे एका दमात सांगतात ते सगळं खरं आहे. रातांबे एप्रिल-मेत पिकतात. साल काढून वाळत घालायची, फळाच्या मिठाळलेल्या रसात भिजवायची, पुन्हा उन्हात टाकायची. अशी पुटं देत देत साल काळी, लवचिक आणि आंबट-खारट झाली की तिचं आमसूल होतं. गरातून सुटलेला खारा रस म्हणजे आगळ. बियांचं निघतं ते तेल, पण ते थंडीतच नव्हे, साध्या हवेतही गोठून घट्ट राहतं आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. म्हणजे एकाच फळात आमटी, सोलकढी, सरबत आणि टाचा. इटलीतल्या मोदेनाचं पारंपरिक बाल्सॅमिक व्हिनेगर निदान बारा वर्षं लाकडी पिंपात मुरतं, असं पुतण्याने कौतुकाने सांगितलं. काकू म्हणाल्या, "त्यांना काय, वेळच वेळ. आम्हाला सात जूनच्या आत उरकावं लागतं." पुढच्या महिन्यात डोक्यावर पाऊस येणार असेल तर माणूस मुरवण्यापेक्षा वाळवण्याकडे वळतो. कोकणाची सगळी पाककला या धास्तीतून निघाली आहे.

काजूच्या बरणीपाशी पुतण्याने आपलं ज्ञान पाजळलं. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणला. काकूंनी मान हलवली. "असेल. चारशे वर्षं राहिला, म्हणजे आमचाच." या निकषावर इटलीवाल्यांनाही सोडावं लागतं, कारण त्यांचा टोमॅटोही अमेरिकेतून आलेला आहे आणि तो आल्यावर कितीतरी काळ त्यांनी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं होतं.

तेवढ्यात दुकानात पुण्याचं एक कुटुंब शिरलं. गृहस्थांनी खोबऱ्याच्या वडीचं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "हे ऑर्गॅनिक आहे का?"

"नारळ आहे," काकू म्हणाल्या.

"नाही, पण किंमत जरा जास्त वाटते. पाच घेतली तर?"

"पाच पडतील."

मी काकूंची बाजू घेत नाही, पण आंबापोळी कशी होते हे ज्याने पाहिलंय तो घासाघीस करायला धजत नाही. ताटाला तुपाचा हात लावून आटवलेला रस पातळ ओतायचा, उन्हात ठेवायचा, वाळला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. फणसपोळीला बरका फणस लागतो आणि तळलेल्या गऱ्यांना कापा. या दोघांची अदलाबदल केली तर हाताशी जे येतं त्याला कोणत्याही भाषेत नाव नाही. यातला बराचसा माल आसपासच्या गावांतल्या बायका आणि बचत गट करतात. काकूंना प्रत्येक पाकिटामागची बाई माहीत असते. "ही पावसच्या बाजूची. हात चांगला, पण मीठ हलकं. ही दुसरी, हिचं मिरगूण घ्या, लोणचं नको." स्वतःच्या दुकानातल्या मालाची अशी निंदा करणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. त्यामुळेच त्या ज्याची स्तुती करतात ते डोळे मिटून घ्यावं.

खरेपणाचा प्रश्न आंब्यावर येऊन सगळ्यात टोकाला जातो. इटलीवाल्यांनी आपल्या पार्मिजानो चीजच्या नावासाठी भांडण पार युरोपच्या न्यायालयापर्यंत नेलं आणि २००८ साली निकाल मिळवला, की 'पार्मेसान' हे नाव ज्याने त्याने वापरायचं नाही. शिवाय चीजच्या अख्ख्या चाकावर, सालीवरच, नावाचे ठिपके उठवलेले असतात. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. रत्नागिरी आणि देवगड यांच्यातला चवीचा वाद त्याने मिटला असं ज्याला वाटतं, तो माणूस कोकणातला नव्हे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला हे मानांकन त्याच्याही आधी, २०१६ मध्येच मिळालं, पण त्यावरून कोणी हमरीतुमरीवर आल्याचं ऐकिवात नाही. आंबट माणसं आणि आंबट फळं आपापल्या जागी सुखी असतात.

आंब्याच्या सालीवर मात्र ठिपके उठवता येत नाहीत. म्हणून पेटीवर 'रत्नागिरी हापूस' छापलेलं आणि आत कर्नाटकचा आंबा, हा दर वर्षीचा खेळ चालूच असतो. काकू पेटीवरचं वाचत नाहीत. देठाशी नाक नेतात आणि निकाल देतात. त्यावर अपील नाही.

इटालियन दुकानाशी आमचं एकाच बाबतीत जमत नाही. त्यांच्याकडे चीज, मुरवलेलं मांस आणि खारवलेले मासे एका काचेमागे गुण्यागोविंदाने राहतात. आमच्याकडे आंबापोळी आणि सोडे एका छपराखाली नांदत नाहीत. मेवा काकूंकडे आणि सुके बोंबील, जवळा, सोडे बाजारात मासळीवाल्या बायकांकडे. रत्नागिरीची डेली अशी दोन ठिकाणी विभागलेली आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात आगोटीच्या खरेदीला निम्मं गाव या दुसऱ्या अर्ध्या डेलीत असतं. तिथेही आधी "किती माणसं घरात?" असंच विचारतात. फरक एवढाच, की तिथे चव घेऊन बघायची पद्धत नाही. वासच पुरेसा असतो.

खरं तर अशी दुकानं आधी माणसं गेली तिथे निघतात, आली तिथे नव्हे. न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत डी पालोंचं दुकान १९२५ पासून चाललंय, ते इटलीतून बाहेर पडलेल्यांच्या जिभेसाठी. तसंच बोटीच्या काळात मुंबईला गेलेल्या कोकण्यांसाठी गिरगावात आणि लालबागेत कोकणच्या मालाची दुकानं थाटली गेली. खुद्द रत्नागिरीत आमसुलं विकत घेणारा माणूस वेड्यात निघाला असता, कारण परसात रातांब्याचं झाड होतं आणि माजघरात आजी होती. १९९८ साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, गणपतीपुळ्याला हॉटेलं झाली, आणि मेवा चाकरमान्यांसाठी आणि पर्यटकांसाठी पाकिटात शिरला.

आम्ही त्या पाकिटांना हसत होतो. आता आम्हीच त्यांच्यासाठी रांगेत असतो. मे महिन्यात आमच्या अंगणात साठं वाळत पडलेली असायची आणि कावळे हाकलायला पोरांना बसवलेलं असायचं. त्या अंगणाच्या जागी आता साळवी स्टॉपच्या बाजूची चार मजली इमारत आहे. गच्चीवर सोसायटीने 'वाळवण घालू नये' अशी सूचना लावली आहे. पोरं उन्हाळी शिबिरात अबॅकस शिकतात. कावळे तेवढे आहेत, पण बिचाऱ्यांना काही काम उरलेलं नाही. तेव्हा आजीने जे फुकट आणि ओरडत दिलं, तेच काकू पैसे घेऊन आणि ओरडत देतात. ओरडणं कायम राहिलं, हे त्यातल्या त्यात बरं.

एक वाजायला आला की काकूंच्या चेहऱ्यावर भात शिजल्याची कळा येते. त्या पंखा बंद करतात. गिऱ्हाइकाने पैसे हातात धरलेले असले तरी "चारनंतर या" म्हणतात. मुंबईचे लोक यावर फार चिडतात. पुतण्या मात्र भारावून गेला. मिलानचा म्हातारासुद्धा म्हणे दुपारी शटर ओढतो आणि जेवून झोपतो. युरोपात याला संस्कृती म्हणतात. आमच्या नशिबी त्याचा आळस होतो.

माझं मत विचाराल तर असं आहे. ज्या दुकानात "काय हवंय?" विचारतात तिथून बिस्किटं घ्यावीत. "कशाला हवंय?" विचारतात तिथून आमसुलं घ्यावीत. हा उद्धटपणा नाही, ही गुणवत्ता तपासणी आहे, फक्त माल सोडून ती गिऱ्हाइकाची होते.

तुम्ही रत्नागिरीला येणार असाल तर ओले काजूगर होळीच्या आसपास विचारा, नवी आमसुलं मे संपताना. डिसेंबरात हापूस मागू नका, मिळालाच तर का मिळाला याचा विचार करा. आंबापोळीच्या पाकिटावरचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. साखर पहिली लिहिली असेल तर तुम्ही आंब्याच्या वासाची साखर घेताय. दुकानदाराने तुकडा पुढे केला तर आधी तो खा, मग बोला. आणि आगळाची बाटली पांढऱ्या कपड्यांच्या बॅगेत घालू नका. तो डाग जात नाही.