फिगरसर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिगरसरांना 'कसे आहात?' असं कुणी विचारत नाही. नवा क्लार्क रुजू झाला तेव्हा त्याला हजेरीपुस्तक, कपाटाची किल्ली आणि ही सूचना एकदमच देण्यात आली. पहिल्या दोन गोष्टी त्यानं सांभाळल्या, तिसरी विसरला.

'वाईट नाही,' सर म्हणाले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. 'आता मी काय केलं सांगा. चांगला आहे म्हणालो का? नाही. वाईटाला नकार दिला आणि चांगलं तुमच्या पदरात टाकलं. लायटोटीज! जुन्या अँग्लो-सॅक्सन कवितेत याचा नुसता सुळसुळाट आहे. बेओवुल्फ वाचलंय?'

क्लार्क बी.कॉम. होता. त्या दिवसाची शिष्यवृत्तीची यादी दुसऱ्या दिवशी गेली.

सर इंग्रजी शिकवतात. 'फिगरसर' हे नाव फिगर ऑफ स्पीचवरून पडलं आहे, हे दरवर्षी पालकसभेत एकदा खुलासेवार सांगावं लागतं. सरांची अंगकाठी अशी, की शर्ट त्यांनी घातला आहे की वाळत घातला आहे हे लांबून कळत नाही. त्यामुळे दुसरा अर्थ फार काळ कुणाच्या डोक्यात टिकत नाही. 'आयरनी,' असं सर स्वतःच म्हणतात आणि खूश होतात.

बारावीच्या पेपरात कवितेची ओळ देऊन फिगर ओळखा आणि स्पष्ट करा, असा एक मार्काचा प्रश्न असतो. एवढ्या एका मार्कावर सरांनी आयुष्य बेतलं आहे. मुलांचं शास्त्र याहून सुटसुटीत. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली. एकाच अक्षराचे दोन-तीन शब्द लागोपाठ आले की अ‍ॅलिटरेशन. तोच शब्द पुन्हा आला की रेपिटिशन. उद्गारचिन्ह असलं तर एक्स्क्लमेशन लिहून मोकळं व्हायचं. आणि यातलं काहीच दिसलं नाही, तर इन्व्हर्शन, कारण कवितेत शब्द उलटसुलट असतातच, नाहीतर ती कविता कशाला? स्पष्टीकरणही ठरलेलं. कुठलीही फिगर असो, कवीनं ती 'फॉर पोएटिक इफेक्ट' वापरलेली असते. गाइडमधलं हे वाक्य मुलांना राष्ट्रगीताइतकं पाठ आहे. सरांना ते ऐकलं की ठसका लागतो.

'हायपरबोल' असा उच्चार वर्गात कुणी केला तर सर खडू खाली ठेवतात. 'हायपर्बली. बोल नाही, बली.' मागच्या बाकावरून 'बळी' असा प्रतिध्वनी येतो. सिनेकडकीचं तर काही विचारू नका. 'सायनेकडोच' म्हणणारा मुलगा पुढं सीए झाला तरी सर त्याला बाजारात ओळख देत नाहीत.

पण खरं उत्तर ओळखण्याचं मोठेपण त्यांच्यात आहे. पूर्वपरीक्षेत एका ओळीत सूर्य हसत होता. एका मुलानं लिहिलं: पर्सॉनिफिकेशन, कारण सूर्याला दात नसतात. सरांनी तो पेपर अख्ख्या स्टाफरूममध्ये फिरवला. 'नावाला अर्धा, स्पष्टीकरणाला अर्धा, असा नियम आहे माझा. याला एक दिला. दीड देता येत नाही, नाहीतर दिला असता.' गणिताच्या बाईंनी तोंडावर पदर घेतला.

दहावीत कवितेच्या रसग्रहणात शीर्षक, कवी, यमकयोजना, फिगर, मध्यवर्ती कल्पना आणि ही कविता मला का आवडते, असे मुद्दे असतात. शेवटच्या मुद्द्याचं उत्तरही पाठच असतं, म्हणजे राज्यातली लाखभर मुलं एकाच कारणासाठी एकच कविता आवडून घेतात. या घाऊक प्रेमाचा विषय निघाला तेव्हा मी सरांना विचारलं, 'तुम्हाला स्वतःला ही कविता आवडते का हो?'

सर चमकले. चष्मा पुसला. म्हणाले, 'तीत सोळा आहेत.'

वर्गाबाहेर फिगर जास्त, ही सरांची जुनी तक्रार. सांगलीच्या एसटीत माणसं एकमेकांच्या काखेत उभी असताना कंडक्टर 'पुढं सरका, पुढं गाडी रिकामी आहे' म्हणतो, तेव्हा चिडत नाहीत असे एकटे सर. स्टँडसमोरच्या मिसळीच्या हॉटेलात पोऱ्या ओरडतो, 'मालक, चार नंबर पैसे न देता चालला!' सर घास थांबवून आमच्याकडं बघतात. 'टेबल चाललं का? टेबलाला पाय आहेत, पण ते डेड मेटाफर. चालला तो गिऱ्हाईक. मेटॉनिमी!' तोवर चार नंबर स्टँडात पसार झालेला असतो. 'ए रिक्षा' अशी हाक मारून रिक्षावाल्याला थांबवणारे आपण सगळे दिवसभर मेटॉनिमी बोलतो, म्हणून मराठी माणूस जन्मजात कवी आहे असा त्यांचा सिद्धान्त आहे. माझ्या मते रिक्षावाला लांब असतो आणि 'रिक्षावाले' म्हणेपर्यंत निघून जातो, एवढंच. पण मी भूगोलाचा.

संस्थेचे माजी अध्यक्ष अण्णा वारले. शोकसभेला हॉल भरलेला, बाहेर पाऊस. उपाध्यक्ष बोलायला उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. 'अण्णा गेले,' ते म्हणाले, 'आणि आज आभाळसुद्धा रडलं!'

हॉलमध्ये हुंदका फुटायचा तेवढा राहिला होता. शेजारून सर मला सांगायला म्हणून, पण तीस वर्षांच्या सवयीनं शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, 'पॅथेटिक फॅलसी!'

यातलं 'फॅलसी' माइकच्या शिट्टीत गेलं. 'पॅथेटिक' मात्र स्वच्छ पोचलं. पुढच्या रांगेत अण्णांचे चिरंजीव होते. ते पुण्यात एमबीए झालेले, त्यामुळे या शब्दाचा चालू बाजारभाव त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सरांकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. दुसऱ्या कुणी 'चूक झाली, क्षमा असावी' लिहून विषय संपवला असता. सरांनी फुलस्केपचे चार कागद भरले. जॉन रस्किन या समीक्षकानं 1856 साली 'मॉडर्न पेंटर्स'च्या तिसऱ्या खंडात ही संज्ञा घडवली. निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवायच्या, हा तिचा अर्थ. यातला 'पॅथेटिक' म्हणजे केविलवाणा नव्हे, भावनेशी संबंधित. भावनेच्या भरात ज्याला जग वेगळंच दिसू लागतं, तो रस्किनच्या मते दुसऱ्या दर्जाचा कवी. भावना पुरेपूर असूनही ज्याची नजर हलत नाही, तो पहिल्या दर्जाचा. इथवर ठीक होतं. पुढं सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की या मापानं मा. उपाध्यक्ष दुसऱ्या दर्जाचे कवी ठरतात आणि हे वाईट नाही. (लायटोटीज.)

आम्ही सरांच्या पेन्शनची काळजी करत बसलो. पण उपाध्यक्षांना आयुष्यात प्रथमच कुणीतरी कागदोपत्री कवी म्हटलं होतं. दर्जा त्यांनी वाचलाच नसावा. प्रकरण तिथंच मिटलं. त्यांचा संग्रह दिवाळीत येतो आहे, प्रस्तावना सरांची. संग्रहात पाऊस फार रडतो असं ऐकतो.

मला सरांचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. आमच्या प्राचार्यांची जीभ तिखट. एकदा मीटिंगमध्ये ते सरांना सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुमच्यासारखे विद्वान या गावाला झेपत नाहीत हो. ऑक्सफर्डनं तुम्हाला सोडलं कसं?' मी मान खाली घातली. माझ्यावर ही वेळ आली असती तर मी आठवडाभर जेवलो नसतो. सर मात्र बाहेर आले ते बक्षीस मिळाल्यासारखे. 'ऐकलंत? पहिलं वाक्य ड्राय मॉक. दुसरं बिटर टॉन्ट. एका दमात दोन!'

हे जॉर्ज पटनमचं देणं. 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हे पुस्तक 1589 साली लंडनला निघालं, लेखकाच्या नावाशिवाय. ते पटनमचं मानलं जातं. ग्रीक-लॅटिन नावांनी जीभ अडखळते म्हणून त्यानं फिगरांना बोलीतली नावं ठेवली, आळीत ठेवतात तशी. आयरनी म्हणजे ड्राय मॉक, कोरडी टर. सार्कॅझम म्हणजे बिटर टॉन्ट, कडू टोमणा. हायपर्बली म्हणजे लाउड लायर, मोठमोठ्यानं खोटं बोलणारा. सरांनी ही नावं नात्यागोत्यात वाटून टाकली आहेत. लाउड लायर म्हणजे त्यांचे मेव्हणे. त्यांचा हिंजवडीला एक प्लॉट आहे, त्याचा भाव दर भेटीला वाढतो.

प्राचार्यांच्या त्या दोन वाक्यांनी सरांना काहीच झालं नाही, ही गोष्ट मला आजही उलगडत नाही. मी रोज वर्गात ढगांची नावं शिकवतो. पण क्युम्युलोनिम्बस ओळखला म्हणून मी भिजायचा राहत नाही. सर राहतात. नाव सापडलं की त्यांच्या डोक्यावर छत्री उघडते. अपमान, महागाई, थकलेला डीए, सगळं बाहेरच्या बाहेर ओघळून जातं आणि सर आत कोरडे. कवितेतलं दुःखही असंच बाहेर राहत असेल, अशी एक शंका मला येते. ती मी त्यांना बोलून दाखवलेली नाही. ते तिचीही फिगर सांगतील.

छत्री चालत नाही ती एकाच ठिकाणी, घरी. वहिनी आरटीओतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या टेबलापुढून हजारो माणसं गेली आणि प्रत्येकानं काही ना काही थाप मारलीच, त्यामुळे त्या अलंकारिक भाषेला बधत नाहीत.

एका रविवारी सर मला वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता समजावत होते. ढगासारखा एकटा भटकणारा कवी, ही उपमा. फुलं नाचतात, हे पर्सॉनिफिकेशन. एका नजरेत दहा हजार फुलं, ही हायपर्बली. मग सरांनी मागची हकीकत सांगितली. 15 एप्रिल 1802 या दिवशी इंग्लंडातल्या अल्सवॉटर तलावाकाठी वर्ड्सवर्थ चालत होता, जोरदार वारा होता. बरोबर बहीण डोरोथी. तिनं डायरीत त्या फुलांचं इतकं जिवंत वर्णन लिहिलं, की भाऊ दोन वर्षांनी, 1804 मध्ये कविता लिहायला बसला तेव्हा अर्धं काम झालेलंच होतं. शेवटच्या कडव्यातल्या, मनाच्या डोळ्याच्या, दोन ओळी बायकोनं, मेरीनं सुचवल्या. त्याच त्यातल्या सर्वोत्तम, असं वर्ड्सवर्थ स्वतःच म्हणे. कविता 1807 साली छापली गेली.

वहिनी शेंगा सोलत होत्या. 'म्हणजे फिरायला बहीण बरोबर,' त्या म्हणाल्या. 'डायरी बहिणीची. चांगल्या ओळी बायकोच्या. आणि हा एकटा?'

'पोएटिक लायसन्स असतं ते,' सर म्हणाले.

'कुठल्या आरटीओचं?'

सर गप्प झाले. थोड्या वेळानं वहिनी पुन्हा बोलल्या, 'अहो, पिठाचा डबा आणायचा राहिलाय गिरणीतून.' सर विचारात पडले. 'यात काय सुचवायचं आहे तुला?' 'पीठ,' वहिनी म्हणाल्या. साधं वाक्य समोर आलं की सरांचा असा गोंधळ उडतो. खाली काहीच दडलेलं नाही, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

यंदा सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते संध्याकाळीच व्हावं, असा सरांचा हट्ट. एलियटची 'प्रूफ्रॉक' 1915 साली छापून आली, तिच्या सुरुवातीलाच संध्याकाळची तुलना ऑपरेशन टेबलावर ईथर दिलेल्या रुग्णाशी आहे. उपमेचं एक टोक सरांनी जन्मभर शिकवलं, आता दुसरं टोक स्वतः व्हायची संधी आली होती. टेबलावर आडवं होताच त्यांनी भूलतज्ज्ञांना विचारलं, 'ईथर ना?'

'ईथर आम्ही फक्त पुस्तकात वाचलं,' त्या म्हणाल्या. 'तुम्हाला पाठीत सुई. कमरेखाली बधिर, वर जागे.'

सरांचा विरस झाला, पण क्षणभरच. कमरेवर ते जागे होते आणि समोर हलू न शकणारा, म्हणजे हातातलं काम टाकून जाऊ न शकणारा श्रोतृवर्ग होता. एलियट, मग 'हॅम्लेट'वरचा त्याचा 1919चा निबंध, मग ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह. टाके घालताना सर्जननी झोपेचं काही देता येईल का असं विचारलं, हे मला वॉर्डबॉयकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. वहिनी डबा बंद करत होत्या. दारातून सिस्टर डोकावल्या. 'दोन नंबरचा हर्निया जेवला का?'

सर टाक्यांची पर्वा न करता कोपरावर उठले. चेहरा उजळलेला. 'ऐकलंत? मी! मी स्वतः फिगर झालो! अंशावरून पूर्णाचा बोध, सिनेकडकी. पण थांबा. हर्निया तर काल दुरुस्त झाला. आता तो अंश उरलाच नाही. मग नुसता संबंध उरला, म्हणजे मेटॉनिमी. सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?'

सिस्टरनी वहिनींकडं पाहिलं.

'हर्निया केव्हाच जेवला हो,' वहिनी डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या. 'तोंड तेवढं अजून चालू आहे.'

सर हळूहळू उशीवर टेकले. डोळे मिटून त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात तपासलं, आणि मला म्हणाले, 'बरोबर आहे. पण स्पष्टीकरण लिहिलं नाही. अर्धा मार्क.'