बाराची गाडी

आमचे बाबा पुण्यात हिशेबनीस. दाढी, आंघोळ, चहा, सगळं घड्याळाच्या काट्यावर. दुपारी साडेबाराला पानावर बसले नाहीत तर त्यांचं डोकं दुखायचं. अशा माणसाची सासुरवाडी शकुंतला एक्स्प्रेसच्या रुळांलगत निघाली, याला पत्रिका जुळवणारे गुरुजीच जबाबदार.

उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्र एक्स्प्रेस आम्हाला मूर्तिजापूरला उतरवायची. तिथून पुढे शकुंतला. अडीच फुटी रुळांवरचे ते डबे पाहून वाटायचं, मोठ्या गाडीनं लेकराला जरा कडेवरून खाली ठेवलंय. मूर्तिजापूर ते अचलपूर 77 किलोमीटर, वेळ चार तास. पहिल्या वर्षी बाबांनी वहीत भागाकार केला, ताशी 19 आले. उत्तर चुकलं असं वाटून त्यांनी तो पुन्हा केला.

इंजिन 1921 सालचं, जन्म मँचेस्टरचा. एवढं विलायती खानदान, पण वऱ्हाडातल्या मे महिन्यानं त्याचा तोरा कधीच उतरवला होता. देशातल्या जवळपास सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही लाइन मात्र खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. मामा म्हणायचा, "गाडी सरकारची नाई ना आपली नाई. मंग घाई कोनं कराची?" पुढेपुढे माणसं कमी झाली तेव्हा फाटकाअलीकडे गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. धावत हे मी सवयीनं लिहिलं. चालतच यायचा.

वाटेत दर्यापूर. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारट. बाबा चहाचा घोट घेऊन दरवर्षी तोच विनोद करायचे, की गावाच्या नावात दर्या उगाच नाही. आई दरवर्षी खिडकीबाहेर बघायची.

अंजनगाव-सुर्जीला आबांचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, पानमळा आणि मळ्यात दोन खोल्यांचं कौलारू घर. वेलींच्या गर्द सावलीत बाहेरचं ऊन विसरायला व्हायचं. घरात घड्याळ नव्हतं. गाडीची शिट्टी झाली की बारा वाजले, पानं वाढा. गाडी दोनला आली तरी बाराच. जावयाला पाटावर आधी बसवायचं हे खरं, पण आबांआधी बसणार कसं? आणि भूक लागली हे जावयानं सासुरवाडीत बोलायचं नसतं. बाबा ओसरीवर बसून रुळांच्या दिशेनं बघत राहायचे. इतक्या आतुरतेनं त्यांनी पुढे माझ्या दहावीच्या निकालाचीही वाट पाहिली नाही.

याच गावात 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. अडगावची लढाई हातची गेली होती, गाविलगड पडला होता, दुसरा इलाज नव्हता. बाबांनाही नव्हता. आजीनं त्यांना कोठीच्या खोलीत बोलावून गूळ-शेंगदाण्यांची वाटी द्यायची आणि हे आबांना कळू द्यायचं नाही, असं ठरलं. आई याला दुसरा तह म्हणायची. शिंद्यांना मुलूख द्यावा लागला, बाबांना फक्त रोज आजीच्या लोणच्याची स्तुती करावी लागली.

15 एप्रिल 1994 ला वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. त्या सुटीत आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा ओसरीवर कान देऊन बसले होते. एक वाजला, दोन वाजले. त्या दिवशी आजी लग्नघरी गेलेली, म्हणजे तहही स्थगित. तीनच्या सुमारास बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना, तेव्हा मामा म्हणाला, "आबा, गाडी तं कवाच गेली."

"कोनती? ते पों करून गेली ते?" आबांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मले वाटलं ट्रक हाय." मग बाबांकडे वळून त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "तुमीच सांगा जावईबापू, ट्रकच्या आवाजावर जेवाले बसाव काय मानसानं?"

बाबा म्हणाले, "बसायला हरकत नाही."