नॉर्मल आल्याचं दुःख

लातूर पॅटर्ननं डॉक्टर घडवले. त्यांना पेशंट पुरवण्याची जबाबदारी आमच्या काकांनी उचललीय. रात्री मिरचीची भजी, पहाटे छातीत जळजळ, उजाडताच नांदेडची डॉक्टर लेन! ईसीजी नॉर्मल. काकांचा चेहरा पडला. "वायरी नीट लावल्या होत्या ना?" टूडी इकोही नॉर्मल, म्हणजे डॉक्टरच कच्चा!

मनगटावरचं घड्याळ ठोके ९० दाखवतं. ते बघून १०० होतात, १०० बघून ११०. बसल्या जागी ६० ते १०० ठीक असतात, हे काकांना कोण सांगणार? छाती आवळली, घाम फुटला, कळ हाता-जबड्याकडे सरकली तर धावावंच. पण काकांना यातलं काहीच नाही. म्हणून परवा डॉक्टरांनी चिठ्ठीवर मानसोपचारतज्ज्ञाचं नाव लिहिलं आणि काका ताडकन उठले, "मला काय झालंय? ठणठणीत आहे मी!"