पानात पडेल ते

स्वस्त डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर जेवढा मजकूर असतो, तेवढा महागड्याच्या खोक्यावर कधी नसतो. महागड्यावर कंपनीचं नाव छापलं की काम भागतं. स्वस्ताची नावापाशीच अडचण. आमच्या प्लेअरचं नाव एका नामांकित जपानी कंपनीच्या नावाशी एक अक्षर सोडून तंतोतंत जुळतं, आणि ते अक्षरही असं निवडलंय की घाईत वाचणाऱ्याने स्वतःच दुरुस्त करून वाचावं. उरलेलं खोकं मग गुणवर्णनाने भरलेलं. '५.१ चॅनेल', 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन', 'कराओके', '३०० गेम्स', 'ऑल रीजन', 'यूएसबी'. एवढे गुण अंगी असताना हा दोन हजारांच्या आत का मिळतोय, असा प्रश्न पुण्यात पासोड्या विठोबापाशी उभं राहून विचारायचा नसतो. तिथे फक्त "शेवटचं किती?" एवढंच विचारतात.

२००७ साल होतं. त्या वर्षी मोझर बेअरने सिनेमांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. सिनेमाच्या तिकिटाहून सिनेमाच स्वस्त झाला. बघता बघता घरात चकत्या जमल्या, आणि त्या लावायला यंत्र नाही म्हणून यंत्र आलं. एरवी आमच्याकडे आधी वस्तू येते आणि मग तिचं काय करायचं ते ठरतं. इथे क्रम उलटा झाला म्हणून सगळे जरा गांगरले होते.

वस्तू घरात आली की तिची परीक्षा होते, आणि आमच्या घरात परीक्षक माणशी एक. बाबांनी प्लेअर दोन्ही हातांनी उचलला, खाली ठेवला आणि निकाल सांगितला : "वजनच नाही याला." त्यांच्या पिढीचा यंत्रावरचा विश्वास किलोत मोजला जातो. जुना व्हीसीआर उचलताना कंबर धरायची, त्याअर्थी त्यात काहीतरी होतं. बाबांचं म्हणणं अगदी खरं निघालं. पुढे एकदा झाकण उघडलं तेव्हा आत मुख्यत्वे हवा होती. मधोमध चकतीचा ट्रे, एका कडेला वीजपुरवठ्याची पट्टी आणि तळहाताएवढा एक बोर्ड. तैवानच्या मीडियाटेकसारख्या कंपन्यांनी पूर्वी चार ठिकाणी होणारं काम एकेका चिपमध्ये कोंबलं, आणि त्या चिपभोवती पत्र्याचं खोकं जुळवणं कुणालाही जमू लागलं. स्वस्ताईचं मोठं इंगित एवढंच. खोकं मात्र पूर्वीएवढंच रुंद ठेवलं, कारण शोकेसमध्ये टीव्हीखालची जागा रुंद असते आणि गिऱ्हाइकालाही आपण काहीतरी आणलं असं वाटायला हवं.

आईची परीक्षा आवाजाची. ५.१ म्हणजे सहा स्पीकर, ही माहिती मी तिला मोठ्या उत्साहाने दिली. "आपल्याकडे किती आहेत?" तिने विचारलं. आमच्या टीव्हीला मोजून एक होता. सहा वाटांनी जायचा आवाज एकाच वाटेने बाहेर पडायचा म्हटलं की चेंगराचेंगरी होते, आणि तीत पहिला बळी संवादांचा जातो. पात्रांचं बोलणं बहुतेक करून मधल्या स्पीकरसाठी राखलेलं असतं. तो स्पीकरच नाही म्हटल्यावर ते बाकीच्या कल्लोळात मिसळतं. नायक-नायिका कुजबुजू लागले की आई आवाज वाढवायची, तेवढ्यात कुणीतरी काचेच्या दारातून मोटरसायकल आत घालायचा आणि तिन्ही मजले दचकायचे. "बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही आणि मारामारी शेजारच्यांना ऐकू जाते," हा तिचा अभिप्राय. एवढ्या नेमक्या शब्दांत तो मला कुठल्याही मासिकाच्या तंत्रविषयक सदरात वाचायला मिळाला नाही.

'प्रोग्रेसिव्ह स्कॅन'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्यासाठी टीव्हीला हिरवं, निळं आणि तांबडं अशी वेगळी भोकं लागतात आणि टीव्हीचीही तयारी लागते. आमच्या टीव्हीला पिवळं आणि पांढरं होतं. तेव्हा प्लेअर पुरोगामी आणि टीव्ही सनातनी असा संसार बरीच वर्षं चालला.

रिमोट हा वेगळाच विषय आहे. प्लेअरच्या तोंडावर चालू, बंद, थांब आणि ट्रे उघड एवढीच बटणं. मेनूमध्ये वर-खाली जायचं असेल तर रिमोटला पर्याय नाही. म्हणून तो प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीत, वर रबरबँड लावून जपलेला. त्यावर 'अँगल' नावाचं एक बटण होतं. डीव्हीडीत एकच प्रसंग नऊ वेगवेगळ्या कोनांतून दाखवायची सोय असते, आठ प्रकारचे आवाज आणि ३२ भाषांमधली तळओळ मावते. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक सिनेमात ते अँगल बटण कुणी ना कुणी दाबून पाहिलं आणि प्रत्येक वेळी पडद्याच्या कोपऱ्यात नकाराची खूण उमटली. त्या ३२ भाषांत मराठीही आमच्या वाट्याला कधी आली नाही. याच रिमोटवर 'पी/एन' नावाचं एक घातकी बटण होतं. ते चुकून दाबलं गेलं की चित्र काळंपांढरं व्हायचं, कधी वरून खाली धावत सुटायचं. मग "कुणी हात लावला?" अशी चौकशी बसायची आणि तिचा अहवाल यायच्या आत चित्र पुन्हा रंगीत झालेलं असायचं.

पण त्याच बटणाने एकदा आमची मान उंचावली. न्यू जर्सीहून मावसबहीण आली होती. येताना मुलांसाठी तिकडच्या कार्टूनच्या डीव्हीडी आणल्या. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे खरा जपानी प्लेअर होता, म्हणून सगळी वरात आधी तिकडे गेली. त्याने चकती आत घेतली, घुर्र केलं, आणि हा प्रदेश आपला नाही असं पडद्यावर इंग्रजीत कळवलं. सिनेमा कंपन्यांनी जगाची वाटणी करून ठेवली होती : अमेरिका पहिल्या विभागात, जपान आणि युरोप दुसऱ्यात, ऑस्ट्रेलिया चौथ्यात, चीनला स्वतंत्र सहावा, आणि आपण रशिया नि आफ्रिकेचा बराचसा भाग यांच्यासोबत पाचव्यात. अमेरिकेत विकत घेतलेली, पावती असलेली चकती सदाशिव पेठेत बेकायदा ठरत नव्हती, पण यंत्राला पटत नव्हती. काकांनी मॅन्युअल काढलं. मुलांनी चकती काढली आणि ती घेऊन खाली आली.

आमच्या प्लेअरला भूगोल नव्हता. त्याने चकती गिळली. चित्र काळंपांढरं आलं, कारण तिकडची चित्रं आणि इकडचे टीव्ही यांचं रंगाच्या बाबतीत पटत नाही. मग ते घातकी बटण दाबलं आणि उंदीर, मांजर, बदक सगळे आपापल्या रंगांत धावू लागले. मावसबहिणीने "कुठल्या कंपनीचा?" असं विचारलं. आम्ही जपानी नाव सांगितलं. एका अक्षराचा तर प्रश्न होता.

महागडा प्लेअर म्हणजे पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. चकली जरा मऊ पडली की ताट सरकवणार, वर कारण सांगणार नाही. स्वस्त प्लेअर हा मेसवर जेवून वाढलेला भाचा. पानात पडेल ते खातो, खडा लागला तर बाजूला काढतो आणि वर ताकही मागतो. या भाच्याचं वळण गरजेतून आलंय. १९९३ साली व्हीसीडीचा प्रकार ठरला आणि पुढच्या काही वर्षांत चीनमध्ये तो घरोघर पोचला. तिथल्या बाजारात अस्सल चकत्या कमी आणि रस्त्यावरच्या फार. नाजूक पोटाचं यंत्र तिथे खपलंच नसतं.

आमच्या गल्लीतल्या सीडी लायब्ररीतून ज्या चकत्या यायच्या, त्यांच्याकडे नुसतं पाहूनही एखाद्याला अजीर्ण झालं असतं. त्यांच्यावर बोटांचे ठसे असायचे, चहाचे थेंब असायचे आणि कुणाच्या तरी लहान मुलाने केलेली सहीही. चकतीवरची रेघ एकमेकीला लागून इतकी दाट असते की शेजारच्या दोन फेऱ्यांत ०.७४ मायक्रॉनचं अंतर. केसाच्या जाडीत सहज शंभरेक फेऱ्या बसाव्यात. सगळी रेघ उलगडली तर एका थराची लांबी बारा किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे स्वारगेटवरून निघून सिंहगडाच्या वाटेवर बरंच पुढे. त्यात मूळ मजकुरासोबत दुरुस्तीपुरता जादा मजकूरही लिहिलेला असतो, म्हणून बारीकसारीक ओरखडे यंत्र हिशेबाने भरून काढतं. ओरखडा मध्यापासून कडेकडे आडवा गेला तर तो फारसं बिघडवत नाही, पण रेघेच्या दिशेने गोल गेला तर मोठा तुकडा गिळतो. म्हणून चकती मध्यापासून बाहेर सरळ पुसायची असते. हे ठाऊक असलेली माणसंही ती शर्टाच्या टोकाने गोल गोलच पुसतात. मीसुद्धा.

आता खरी मेख. डीव्हीडी वाचली जाते आतून बाहेर. सिनेमाची सुरुवात मध्याजवळ, सुरक्षित. आणि शेवट कडेला, जिथे सगळ्या गावाची बोटं लागतात. दोन थरांच्या डीव्हीडीत दुसरा थर उलटा, बाहेरून आत वाचतात, पण लायब्ररीतल्या आमच्या चकत्या बहुतेक एका थराच्या. त्यामुळे नामावळी, नायकाचं बालपण, पहिलं गाणं हे सारं स्वच्छ दिसायचं आणि इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून "खुनी याच खोलीत आहे" म्हणाला की चित्राचे चौकोन व्हायचे. त्या काळात पाहिलेल्या कित्येक रहस्यपटांतला खुनी मला आजही माहीत नाही. माझा संशय सगळ्यांवर आहे. अशा वेळी एक मत "पुढे ढकल" असं असायचं, दुसरं "काढून पूस", आणि बाबा उठून प्लेअरला डोक्यावर एक हलकी चापट मारायचे. लेझरच्या किरणाचा आणि चापटीचा काय संबंध, हे विज्ञानाने सांगावं. निकाल मात्र पन्नास टक्क्यांच्या खाली गेला नाही.

त्यात भारनियमन. त्या वर्षांत महाराष्ट्रात वीज गेली नाही असं गाव विरळा. वीज गेली की आमचा प्लेअर सगळं विसरायचा. महागडे प्लेअर म्हणे थांबलेली जागा लक्षात ठेवत. आमच्याला सिनेमा लावल्याचीही आठवण नसायची. दिवे आले की पुन्हा नामावळी, पुन्हा धूम्रपानाचा इशारा, पुन्हा पायरसीविरुद्धची तंबी. ही तंबी महागड्यात पुढे ढकलता येत नसे, आमच्यात येत असे. मग दोन पट, चार पट, आठ पट, बत्तीस पट वेगाने सिनेमा पळवायचा. बत्तीस पटीत मराठी कौटुंबिक सिनेमा जेमतेम पाच मिनिटांत संपतो आणि रडारडीचे प्रसंग कमालीचे हसवतात. 'अशी ही बनवाबनवी' मात्र आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघायचो. तिथे वीज मंडळावर कुणी चिडायचं नाही.

पुढे पुढे ट्रे बाहेर यायला कुरकुरू लागला, त्याचा रबरी पट्टा बदलला. मग 'नो डिस्क' येऊ लागलं. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच "लेन्स गेली" म्हणून सांगितलं. या मंडळींच्या शब्दकोशात लेन्स म्हणजे भिंग, लेझर, त्याला हलवणारी गुंडाळी असं सगळं एकत्र असतं. पण निदान बरोबर निघालं. दोनतीनशे रुपयांत नवी लेन्स बसली आणि भाच्याची भूक पूर्ववत झाली. काकांच्या जपानी प्लेअरच्या लेन्सची किंमत ऐकून काका काही काळ संगीताकडे वळले होते.

काकांना अखेर आमच्याकडे यावंच लागलं, ते त्यांच्या नातवाच्या मुंजीनंतर. व्हिडिओवाल्याने मुंज घरच्या घरी जाळलेल्या डीव्हीडीवर दिली होती आणि हौसेने तिच्यावर बटूच्या फोटोचा गोल कागद चिकटवला होता. असा कागद केसभर जरी तिरका बसला तरी फिरताना चकतीचा तोल जातो. जपानी प्लेअरने ती तीनदा आत घेतली आणि तीनदा बाहेर ढकलली. काका खाली आले, आमच्या प्लेअरकडे आयुष्यात पहिल्यांदा आदराने पाहिलं आणि म्हणाले, "पाहुणे आलेत. दोन दिवस नेऊ का?" आईने रिमोटसुद्धा पिशवीसकट दिला.

प्लेअर दोन दिवसांनी आला नाही. व्याही आले, मग बटूची मावशी आली, मग ज्यांना मुंजीला येता आलं नाही ते आले. गणपतीच्या सुमारास तो परत आला तेव्हा ट्रेमध्ये मुंजीची चकती तशीच होती. काकांनी ती अजून मागितलेली नाही. आम्हीही दिलेली नाही, कारण मातृभोजनानंतरच्या पंगतीत चांगली सात मिनिटं आम्ही सहकुटुंब दिसतो, आणि बाबा तिसऱ्यांदा मठ्ठा मागतात ते तर फारच स्वच्छ आलंय.