चपलेचे पालक

कोल्हापुरी चप्पल घालणारे पुष्कळ. ती सांभाळणारे गृहस्थ वेगळे. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत ते गिऱ्हाईक म्हणून शिरतात आणि पहिल्याच दुकानात परीक्षक होतात. तळ वाकवून बघतात, नाकाशी धरून हुंगतात. कातडं हिरडा-बाभळीत कमावलेलं आहे ना, शिवण चामड्याच्या वादीचीच ना, कुठे खिळा तर ठोकला नाही ना, अशी उलटतपासणी चालते. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणतो, “घालून तर बघा!” ही सूचना त्यांना जरा आगाऊच वाटते.

मग तेल. एरंडेल, खोबरेल की करडई? पोराची टाळू भरतानासुद्धा या घरात इतका खल झाला नव्हता. रात्री बोटाने पट्टा, वेणी, कान, अंगठा असं एकेक अंग चोळायचं, सकाळी मऊ फडक्याने पुसायचं, सावलीत ठेवायचं. उन्हात ठेवली तर कातडं तडकतं, हे ते दूधवाल्यालाही सांगून चुकले आहेत.

पाहुण्याचा पाय चुकून चपलेवर पडला, तर २०१९चं भौगोलिक मानांकन, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे, हे सगळं ऐकल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही. २०२५ साली प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला. यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि हळहळले, “तळ कोरडा दिसतोय हो.”

पावसाने वाटेत गाठलं, तर चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून सदऱ्याच्या आत जाते आणि मालक चिखलातून अनवाणी. पिशवी दिली तर घेत नाहीत. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते!

इतकी सेवा शेवटी भोवलीच. तेलाच्या वासावर उंदीर आला आणि अंगठा कुरतडून गेला. घरात सुतकी चेहरा. कोपऱ्यावरच्या चांभारमामांनी रापीने कुरतडलेली कड साफ केली, आरीने भोकं पाडून नवा अंगठा ओवला, तळ दाबून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, तेलाने पार भिजवलीय हिला. शिवण सैल पडंल. तेल कमी करा, चालणं वाढवा. पायात राहिली की कातडं आपसूक मऊ राहतं.”

साखर वाढल्यापासून डॉक्टर हेच सांगत होते, म्हणजे चालण्याचं, तेलाचंही. तेव्हा गुडघे दुखायचे. आता चपलेच्या प्रकृतीसाठी मालक रोज पहाटे उठून अर्धा तास चालतात. हॉलमध्ये, सतरंजीवर, टीपॉयला वळसे घालून.

“अहो, बाहेर मैदान आहे की!” बायको म्हणते.

“बाहेर?” ते थबकतात. “बाहेर खडी असते!”