थंड हवेचा कारभारी

विदर्भात ऋतू तीनच: कूलर काढायचा, कूलर चालवायचा आणि कूलर माळ्यावर टाकायचा. पंचांगवाल्यांना काय छापायचे ते छापू द्या. होळी झाली की गल्लीगल्लीतून पत्र्याचा खडखडाट ऐकू येतो, हातगाड्यांवरून वाळ्याच्या ताट्या निघतात, गंजके स्टँड फरफटत खिडक्यांखाली येतात आणि बायका नवऱ्यांकडे रोखून पाहू लागतात. त्या पाहण्याचा अर्थ ‘माणूस बोलावलात का?’ एवढाच असतो.

मी मूळचा गिरगावचा. नोकरीने नागपुरात आलो, लग्नाने नागपूरचा झालो, आणि घर नेमके बायकोच्या माहेरच्याच गल्लीत मिळाल्यामुळे साऱ्या गल्लीचा जावईबापू झालो. गिरगावात उन्हाळ्याची तयारी म्हणजे पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसणे. तीही पाहुणे येणार असतील तर. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत छताचा पंखा वरची भट्टी खाली आणून देण्यापलीकडे काही करत नाही. घर मांडले तेव्हा सासरेबुवांनी पत्र्याचा भलाथोरला कूलर पाठवला आणि सोबत सल्लाही पाठवला: “जावईबापू, याले आठ महिने सांभाळा, मंग हा चार महिने तुम्हाले सांभाळते.” मी सल्ल्याचा उत्तरार्ध तेवढा लक्षात ठेवला.

कूलरचे शास्त्र मला तोंडपाठ आहे आणि माझ्या बहुतेक संकटांचे मूळ तिथेच आहे. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी हवेतली उष्णता शोषते. एक लिटर गोठणबिंदूचे पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेवढेच पाणी वाफ होताना गिळते. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून इथे हा खेळ इतका रंगतो. हे सगळे मी शेजाऱ्यांना, पाहुण्यांना आणि एकदा दूधवाल्यालाही समजावून सांगितले आहे. दूधवाला म्हणाला, “हो का जी?” आणि पुढच्या घरी गेला.

एवढे शास्त्र डोक्यात असताना पहिल्याच उन्हाळ्यात मी कूलर लावून खोलीची सगळी दारे-खिडक्या घट्ट लावून घेतली. गार हवा बाहेर जाऊ नये, हा हेतू. थोड्याच वेळात खोलीत असा काही दमटपणा साठला की मला माहेरी, म्हणजे गिरगावात, आल्याचा भास झाला. बायकोने येऊन समोरची खिडकी सताड उघडली. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा आतल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. नाहीतर तीच ओली हवा खोलीत कोंडून बसते. “एसीले खिडकी लावावी, कूलरले उघडावी. आमच्या इथं लहान पोट्ट्यालेही माहीत असते,” ती म्हणाली. रागावली की ती माहेरच्या भाषेत बोलते.

खरे तर एसी आणि कूलर ही दोन टोके. विलिस कॅरिअर यांनी 1902 साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखले ते हवेतला दमटपणा काढून टाकण्यासाठी, कारण दमट हवेत कागद आखडे-पसरे आणि रंगांची छपाई जुळेना. कूलर नेमके उलटे करतो: दमटपणा घालून गारवा आणतो. हा भेद डोंबिवलीच्या माझ्या धाकट्या भावाला सांगायचा राहून गेला. “दीड टनाचा एसी दीड हजार वॅट खातो, कूलर दोनशेत भागतो,” एवढेच मी फोनवर छातीठोकपणे सांगितले. त्याने लगेच कूलर घेतला. डोंबिवलीची हवा आधीच घामाने डबडबलेली. त्यात कूलरने आणखी भर घातली. डब्यातले पोहे मऊ पडले, पापड लवले, मीठ बरणीला चिकटले. भावजय अजून माझ्याशी बोलताना हवापाण्याचा विषय काढत नाही.

तर मुद्दा देखभालीचा. दरवर्षी कूलर काढताना बायको म्हणते, “अहो, माणूस बोलावू या.” मी म्हणतो, “माणूस कशाला? मी आहे ना.” ती म्हणते, “म्हणूनच.” हा संवाद आमच्या घरचा गुढीपाडव्याआधीचा नेम आहे. यंदा मात्र मी कंबर कसली. माळ्यावरून कूलर उतरवला, तिन्ही बाजूंची दारे काढली आणि टबात डोकावलो. तळाशी आणि कडांना पांढऱ्या खड्यांचा जाड थर बसला होता. बोअरचे पाणी जड. कूलरमध्ये पाण्याची वाफ उडून जाते आणि क्षार मात्र टबातच राहतात. वरून पाणी ओतत राहिले की उरलेले पाणी दिवसेंदिवस खारट होत जाते. म्हणून हंगामात टब अधूनमधून पूर्ण रिकामा करायचा असतो. मी तो वरचेवर पूर्ण भरत आलो होतो.

जाणकार माणूस अशा वेळी ब्रश घेतो, लिंबूपाणी नाहीतर व्हिनेगर लावून थर भिजवतो आणि धीराने घासतो. मी बाथरूमच्या फरशीचे ॲसिड ओतले. काय सुंदर फेस आला म्हणून सांगू! टबभर सर्रर्र आवाज, बारीक बारीक बुडबुडे, नाकाला झोंबणारा वाफारा. जिथे जिथे फेस तिथे तिथे मळ सुटतोय असे मानून मी आणखी ओतत गेलो. थर गेला, पत्रा उघडा पडला, आणि मी बायकोला हाक मारून तो दाखवला. पत्र्यावर गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो आणि ॲसिड जस्त खाते, हे मला शाळेत शिकवले होते. त्या प्रयोगात परीक्षानळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की फट् असा आवाज येई, तेही आठवले. फक्त ते सारे टब धुऊन झाल्यावर आठवले.

पाणी भरून कूलर खिडकीला लावला, आणि थोड्या वेळाने खालून हाक आली. खालच्या काकूंनी अंगणात वाळवण घातले होते.

“अवो जावईबापू, वरून पाणी गळून राह्यलं नं! माह्या मुंगवड्या भिजल्या साऱ्या!”

जावई असल्याचा एवढाच फायदा की पुढचे शब्द काकूंनी गिळले. टबाच्या तळाला सुईच्या टोकाएवढी भोके पडली होती. मग एम-सील, मग डांबर, मग डांबर वाळेपर्यंत पंख्याखाली बसून वर्तमानपत्राने वारा घेणे. काकूंना भरपाई म्हणून बायकोने बाजारच्या मुंगवड्या नेऊन दिल्या. त्या काकूंनी ताटातही घेतल्या नाहीत, असे नंतर कळले.

पत्र्याचे प्रकरण मिटल्यावर मी मनापासून शोभेच्या कामाला लागलो. सीताबर्डीला जाऊन अस्सल वाळ्याच्या ताट्या आणल्या. लाकडाच्या तुसाच्या ताट्या स्वस्त पडतात आणि कंपनीच्या कूलरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी येते. पण वाळ्याचा वास निराळा. वाळा म्हणजे एका गवताची मुळे. ओली झाली की पहिल्या पावसाची आठवण करून देतात. इंग्रज अमलात साहेबांच्या बंगल्यांच्या दारांना याच ताट्या लावत आणि भिश्ती त्यांवर पाणी मारत उभा राही. पुढे थर्मँटिडोट नावाचे एक धूड निघाले: लाकडी पेटी, तिला वाळ्याच्या ताट्या, आत पंख्याची पाती आणि बाहेर दांडा फिरवणारा माणूस. म्हणजे आपल्या कूलरचा आजोबाच. फक्त त्याची मोटर घामाने भिजत असे. हे मी ताट्या बसवता बसवता बायकोला सांगितले. “दांडा फिरवणाऱ्याने भाषण दिलं असतं तर साहेब मेलाच असता,” ती म्हणाली.

पत्र्याला खिडकीच्या ग्रिलशी जुळणारा निळा रंग मारला. वरच्या पाण्याच्या नळीची बुजलेली भोके टाचणीने मोकळी केली. पंप उघडून पंख्यात अडकलेला खडा काढला. मोटरला तेल दिले. रेग्युलेटरजवळच्या वायरी जुनाट दिसल्या, म्हणून त्याही सोडून नव्याने जोडल्या. बटण दाबले. पंखा फिरला, पंप चालला, ताट्यांवरून पाण्याची धार सुरू झाली. वाळ्याचा वासही आला. फक्त तो बाहेरून आला.

मी समोर बसलो, वारा लागेना. जवळ गेलो तर माझा सदरा कूलरच्या जाळीकडे ओढला जाऊ लागला. अशा मोटरमध्ये कंडेन्सरच्या बाजूच्या वायरींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो. माझा कूलर घरातली हवा ओढून ओल्या ताट्यांमधून गल्लीत सोडत होता. खिडकीखाली गल्लीतले भटके कुत्रे येऊन पाय ताणून पहुडले. शेजारचे भाऊजी खाटल्यासकट सरकले. “जावईबापू, साऱ्या गल्लीची सोय करून राह्यले काय? राहू द्या तसंच, लई मस्त वाटून राह्यलं!” त्या दुपारी माझ्या लोकप्रियतेला जे उधाण आले, ते पुन्हा आले नाही.

हसणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो. 30 मे 2024 रोजी ऐन नवतपात नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क 56 अंश तापमान दाखवले. देशभर बातम्या झाल्या, मुंबईहून नातेवाईकांचे फोन आले. मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. उन्हाळा मोजणाऱ्या यंत्रालाही सर्व्हिसिंग लागते, तिथे माझ्या कूलरचे काय घेऊन बसलात? हा युक्तिवाद मी घरात मांडला. बायकोने तो ऐकत ऐकत मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिकभाऊ आले. त्यांनी आधी रंगाकडे पाहिले, मग ताट्या हुंगल्या, मग नळीतून पडणारी पाण्याची धार पाहिली आणि “वा!” म्हणाले. माझी छाती फुगली. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि माझ्या त्या निळ्याशार पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

“हे कोनं केलं?”

“मी.”

“तरीच.” त्यांनी बटण बंद करून प्लग उपसला. प्लग दोन पिनांचा होता. जुना तीन पिनांचा प्लग एक्स्टेंशन बोर्डात बसेना, म्हणून मागे कधीतरी मीच तो बदलला होता आणि हिरवी वायर ‘जास्तीची’ म्हणून कापून टाकली होती. नव्याने जोडलेल्या वायरींपैकी एकीचे उघडे टोक ओल्या पत्र्याला टेकले होते. बायको रोज सकाळी त्याच टबात बादलीने पाणी ओतत होती आणि ओतताना पत्र्याला हात टेकवत होती. पायात रबरी चपला होत्या, म्हणून निभावले.

“वाळा कितीचा आनला?” मेकॅनिकभाऊंनी विचारले. मी आकडा सांगितला. “अन् हे वायर?” ती मीटरवर मिळते आणि चहाच्या पैशात येते. त्यांनी ती मुकाट्याने घातली, प्लग बदलला, भिंतीतल्या पॉइंटला अर्थिंग खरेच आहे की नाही तेही तपासले. पंखा सुलटा केला. जाताना म्हणाले, “जावईबापू, पुढच्या साली रंग तुम्ही मारा, बाकीचं मले सांगा.” गल्लीतले कुत्रे उठून दुसरीकडे गेले.

इतका वेळ हसून झाले असेल, तर आता ऐका. पाणी, लोखंड आणि वीज एकाच पेटीत ठेवून आपण तिच्याकडे पाय करून झोपतो, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, त्यांत पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळता खेळता हात लावणारी मुले असतात. दिसणाऱ्या गोष्टींवर आपण हौसेने खर्च करतो आणि न दिसणारी एक हिरवी वायर कापून टाकतो. तीन पिनांच्या प्लगमधली ती जाड पिन उगाच लांब केलेली नसते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून ती लांब असते. तेव्हा कूलर माळ्यावरून उतरवला की ताट्यांच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, आणि जमल्यास घराच्या बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करू नका, प्लग उपसून ठेवा. पंप पाण्याखाली असल्याशिवाय चालू करू नका. आठवड्यातून एकदा टब रिकामा करून कडा घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. आणि घरात कोणी शास्त्र जाणणारा माणूस चालू कूलरपाशी पक्कड घेऊन बसलेला दिसला, तर तो घरचा कर्ता असो की गल्लीचा जावई, आधी मेन स्विच बंद करा आणि मग त्याच्या हातातली पक्कड काढून घ्या.